मोबाईल हरवला? आधी सिम बंद करा
मुरुडच्या बाजारात गर्दीत मोबाईल गेला, की आपण त्यावर रिंगच मारत बसतो. तेवढ्यात खातं रिकामं होऊ शकतं. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे तिथंच असतात ना! दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला सांगून यूपीआय थांबवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा.

मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या, पोच घ्या. त्याच नंबरचं नवं सिम काढा. त्यावर पहिले २४ तास मेसेज येत नाहीत, घाबरू नका. नंतर संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा. कुणी त्यात दुसरं सिम घातलं की पोलिसांना माग लागतो.

त्याला १५ अंकी आयएमईआय लागतो. तो बिलावर, खोक्यावर असतो. पण खोकं कोण ठेवतंय? आत्ताच *#०६# दाबा, नंबर घरच्या वहीत लिहा. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही.