अधिक-उणे तीन मायक्रॉन

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून आमच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये तपासणीला येणाऱ्या उपकरणांत मायक्रोमीटर भरपूर असतात. डिजिटल मायक्रोमीटरच्या पडद्यावर मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन, ठळक दिसतो. तो आकडा दिसला की आपण मायक्रॉनपर्यंत बरोबर मोजलं, असं वापरणाऱ्याला वाटतं. पण आकडा दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही. चांगल्या मायक्रोमीटरचा उत्पादकसुद्धा एक-दोन मायक्रॉनची चूक गृहीत धरायला सांगतो.

आलेलं उपकरण आम्ही लगेच तपासायला घेत नाही. आधी ते लॅबच्या २० अंश सेल्सिअसला येऊ देतो, कारण लांबीची मापं जगभर याच तापमानाला धरलेली आहेत. चाकणच्या शेडमध्ये मे महिन्यात ३५ अंश असताना १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा सुमारे १७ मायक्रॉननं वाढलेला असतो. हाताच्या उबेनंही माप सरकतं, म्हणून स्लिप गेज (ताडून पाहायचे नेमक्या मापाचे ठोकळे) हातमोजे घालूनच उचलायची. मग जबडे पुसायचे, शून्य पाहायचं, रॅचेट सावकाश फिरवायचा आणि तेच स्लिप गेज पुन्हा पुन्हा मोजायचं. माणूस तोच, उपकरण तेच, तरी शेवटचा आकडा इकडेतिकडे होतोच.

हा फरक आम्ही लपवत नाही, मोजतो. त्यात स्लिप गेजची स्वतःची अनिश्चितता येते, कारण तेही वरच्या लॅबनं कशाशी तरी ताडून पाहिलेलं असतं. ही साखळी वर चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या लेसरपर्यंत जाते आणि खाली उतरताना प्रत्येक कडीला शंका थोडी वाढते. तापमापकाची चूकही धरायची. या सगळ्यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ आणि त्याची दुप्पट: प्रमाणपत्रावर छापलेलं ‘अधिक-उणे’ असं येतं. खरं माप या पट्ट्यात असण्याची खात्री सुमारे ९५ टक्के.

‘‘मॅडम, तेवढं अधिक-उणे काढता येईल का? ऑडिटवाले विचारत बसतात,’’ असा फोन येतो. मी नाही म्हणते. ते काढलं तर त्या कागदात विश्वास ठेवण्यासारखं काही उरत नाही.

पुन्हा पुन्हा तोच आकडा येणं म्हणजे बरोबर असणं, हा समज किती महागात पडतो ते हबल दुर्बिणीनं दाखवलं. १९९० साली ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. २.४ मीटर व्यासाचा तिचा आरसा कमालीचा काटेकोर घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट झाला होता. आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. ते बसवताना मोजदांडीच्या टोकावरच्या टोपणाचा रंग उडालेला होता, त्यामुळे प्रकाश दांडीऐवजी टोपणावरून परतला आणि अंतर चुकलं. मला सर्वांत जास्त टोचते ती पुढची गोष्ट. दुसऱ्या दोन उपकरणांनी दोष दाखवला होता. ती कमी काटेकोर म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली.

दिसलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची हीच चूक आमच्याकडे लहान प्रमाणात रोज घडते. समजा, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि वरच्या बाजूला १० मायक्रॉनची सूट आहे. मायक्रोमीटर २५.००९ दाखवतो. जॉब पास? मापनाची अनिश्चितता ३ मायक्रॉन असेल, तर खरा व्यास २५.००६ ते २५.०१२च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुरवठादारानं २५.००७पर्यंतचा जॉब बिनधास्त पाठवावा. २५.०१३च्या वरचा ग्राहकानं बिनधास्त परत करावा. मधल्या पट्ट्यातल्या जॉबबद्दल हे उपकरण खात्रीनं काही सांगू शकत नाही. तो बाजूला ठेवून, ज्याची अनिश्चितता एका मायक्रॉनच्या आत आहे अशा यंत्रावर मोजावा लागतो. त्यात वेळ जातो. ट्रक दाराशी उभा असताना सुपरवायझरला तो वेळ द्यायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्याला जॉब बाजूला ठेवायलाच सांगते.