उद्धार आणि दैनंदिन ख्रिस्ती जीवन

उद्धार ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना असून, मूल्य देऊन बंधनातून सोडवणूक करणे हा तिचा मूळ अर्थ होय. येशू ख्रिस्ताने क्रुसावरील मरणाने मानवाला पापाच्या दास्यातून सोडवले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ही सोडवणूक केवळ मरणोत्तर अवस्थेशी निगडित नसून श्रद्धावंताच्या व्यवहारात, श्रमात व नातेसंबंधांत तिची खूण दिसावी, अशी बायबलची अपेक्षा आहे.

शब्द व अर्थ

मराठी ख्रिस्ती लेखनात या संकल्पनेसाठी तारण, मुक्ती, उद्धार व खंडणी असे शब्द आढळतात. त्यांपैकी एकही निर्दोष नाही. ‘मुक्ती’ म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ मराठी वाचकाच्या मनात आधी येतो. ‘खंडणी’ हा शब्द एकेकाळी मांडलिकाने भरावयाच्या रकमेचा वाचक होता. आज तो धमकावून उकळलेल्या पैशासाठी वापरला जातो. ‘तारण’ हा तुलनेने व्यापक शब्द असून सावकारी व्यवहारात तो कर्जासाठी ठेवलेल्या वस्तूचाही वाचक आहे. मूळ अर्थाला सर्वांत जवळचा शब्द बहुधा शेतकऱ्याच्या बोलीतला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात ‘गहाण शेत सोडवले’ असे म्हटले, तर पैसे भरले गेले आणि शेत पुन्हा आपल्या माणसाकडे आले, हे कोणालाही कळते.

बायबलमधील आधार

जुन्या करारातील कल्पना नेमकी अशीच आहे. दारिद्र्यामुळे विकावी लागलेली जमीन जवळच्या आप्ताने सोडवावी, असा नियम लेवीय या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात आहे. अशा आप्ताला हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या पुस्तकात बवाज हा नामीचे शेत सोडवतो व तिच्या विधवा सुनेचा, रूथचा, पत्नी म्हणून स्वीकार करतो. सोडवणारा हा परका धनको नसून नात्यातला माणूस असतो, ही बाब येथे महत्त्वाची आहे. नव्या करारातील ‘लुत्रोन’ हा ग्रीक शब्द दास किंवा बंदिवान यांच्या सुटकेसाठी दिलेल्या मूल्याचा वाचक आहे.

व्यवहारातील उपयोजन

मूल्य दिले गेलेले असल्याने श्रद्धावंताने सत्कृत्यांनी त्याची परतफेड करावयाची नसते. सत्कृत्ये ही सुटकेची किंमत नसून तिचे फळ असतात, यावर प्रॉटेस्टंट परंपरा विशेष भर देते. कॅथलिक परंपरा कृपेला मानवाने दिलेल्या सहकार्याला व संस्कारांना अधिक महत्त्व देते. तथापि जीवन बदलले पाहिजे, याविषयी दोहोंत मतभेद नाही. जकातदार जक्कय अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे व फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवतो, ही लूककृत शुभवर्तमानातील कथा त्याचा नमुना होय. त्याहून घरगुती उदाहरण पौलाने फिलेमोनास लिहिलेल्या छोट्या पत्रात आहे. अनेसिम या दासाला बंधू मानून स्वीकारावे, त्याचे काही देणे असल्यास ते आपल्या नावावर मांडावे, असे पौल कळवतो. दुसऱ्याचे ऋण स्वतःवर घेणे हा उद्धाराचा आशय येथे नित्य व्यवहारात उतरला आहे. मात्र दास्यप्रथेचा उघड निषेध या पत्रात नाही, हेही नमूद केले पाहिजे.

महाराष्ट्रातील उदाहरण

वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कार्य केले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा व पुन्हा येणारा राजा अशा चार रूपांत मांडले. तारणाच्या क्षणाबरोबरच त्यानंतरच्या जीवनाचाही विचार या मांडणीत आहे.

या संकल्पनेचे सर्वपरिचित मराठी उदाहरण मात्र पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे होय. १८७४ च्या सुमारास उपासमारीच्या काळात त्यांचे आईवडील वारले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त गवसायला आणखी काही वर्षे लागली, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ ही वसाहत उभारली. तेथे मुक्तीचा अर्थ शेती, विणकाम, शिवण, छपाई, अंध स्त्रियांचे शिक्षण असा रोजच्या कामांत उतरला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ होते.

या कार्यावर टीकाही झाली. त्यापूर्वी १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले होते. आश्रयाखाली असलेल्या व्यक्तीचा धर्मस्वीकार कितपत स्वेच्छेचा, हा त्यामागचा प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही. सोडवलेल्या माणसाला पुन्हा बांधले जाऊ नये, ही अट उद्धाराच्या कल्पनेतच आहे.

अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.