हार्टफर्डची चिनी मुलं

परदेशात शिकणारी चिनी मुलं आपापल्यातच राहतात, मिसळत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. मिसळण्याचा सगळा भार पाहुण्या पोरांवरच का टाकायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. म्हणूनच हार्टफर्डच्या त्या मुलांनी मला कित्येक वर्षं झपाटलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. युंग विंग हा १८५४ साली येलमधून पदवी घेऊन बाहेर पडला. अमेरिकी विद्यापीठाचा तो पहिला चिनी पदवीधर. त्याच्या खटपटीमुळे चीनच्या छिंग सरकारने १८७२ ते १८७५ या काळात दरसाल ३० अशी १२० मुलं अमेरिकेला धाडली. या मोहिमेचं मुख्य ठाणं हार्टफर्डला होतं.

खरी गंमत पुढेच आहे. ही मुलं वसतिगृहात राहिली नाहीत, न्यू इंग्लंडमधल्या कुटुंबांत वाढली. त्यांतल्या ली यान फूने पुढे आपल्या बालपणावर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, स्प्रिंगफील्डच्या यजमानीणबाईंनी त्याला जवळ घेऊन मुका घेतला, तेव्हा बाकीची पोरं हसली आणि हा लाजेने लाल झाला. तान्हेपणानंतर कुणी त्याचा मुका घेतलाच नव्हता! रविवारी बाई ‘संडे स्कूल’ला चला म्हणाल्या. मुलांना फक्त ‘स्कूल’ कळलं, त्यांनी पुस्तकं बांधली. पोचल्यावर ते चर्च आहे हे ध्यानात येताच पोरं बाहेर पळाली. यात चूक कुणाचीच नव्हती. एकाच घरात राहायचं तर असे अवघड क्षण दोन्ही बाजूंनी निभवावे लागतात, आणि माझ्या मते संवेदनशीलता तिथेच शिकली जाते, व्याख्यानांत नाही.

मुलांच्या डोक्यामागच्या लांब वेणीचा प्रश्न मात्र जिवावरचा होता. ती कापणं म्हणजे सम्राटाशी द्रोह. लांब झगे आणि वेण्या पाहून रस्त्यावरची पोरं त्यांना मुली म्हणून चिडवत. मग झगे गेले, वेण्या कॉलरखाली लपल्या आणि हातात बेसबॉलची बॅट आली. त्यांनी ‘ओरिएंटल्स’ नावाचा संघच काढला.

देखरेखीला आलेल्या अधिकाऱ्याला हे खपेना. मुलं आपल्यापुढे कपाळ जमिनीला टेकत नाहीत, ही बाटण्याची खूण! मुलं दोन्हीकडची होत होती आणि त्याला ती परकी वाटली, याचं मला आजही वाईट वाटतं. तिकडे अमेरिकेनेही लष्करी अकादमीची दारं या मुलांना बंद ठेवली. मार्क ट्वेन आणि पाद्री ट्विचेल माजी अध्यक्ष ग्रँटकडे गेले, ग्रँटने छिंग दरबारातल्या वजनदार ली हुंगचांगला पत्र लिहिलं. तरी १८८१ साली मुलांना परत बोलावलंच. मुलं जहाजाची वाट पाहत असताना ओकलंडच्या संघाने त्यांना सामन्याचं आव्हान दिलं. जिंकली चिनी मुलं.

बीजिंगजवळ छिंगलोंगछ्याओ स्थानकावर झान तिआन्यूचा पुतळा पाहायला मी मुद्दाम गेलो. हा त्याच मुलांपैकी एक, येलचा अभियंता, वेस्ट हेवनच्या नॉर्थ्रप कुटुंबात वाढलेला. त्याने बीजिंग-झांगज्याको रेल्वे १९०९ मध्ये पुरी केली. चढ इतका खडा, की गाडी एका फाट्यावर जाऊन थांबते आणि दुसऱ्या फाट्याने उलटी वर चढते. तासभर रूळच बघत होतो!

ली यान फू मात्र पुन्हा अमेरिकेला गेला आणि १८८७ मध्ये येलचा पदवीधर झाला. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा १८८२ पासून तिथे लागू होताच. ‘चिन्यांनी गेलंच पाहिजे’ अशा घोषणा सर्रास चालत. १८८९ साली त्याने एका अमेरिकी मासिकात, त्यांच्याच भाषेत, आरोपामागून आरोप खोडून काढणारा लेख लिहिला. मथळा होता, ‘चिन्यांनी राहिलंच पाहिजे’.