‘ब्लेंड’ वाइन म्हणजे भेसळ? दक्षिण फ्रान्सच्या स्वस्त रेड वाइनचं गणित नारायणगावातून समजून घ्या

नारायणगाव म्हटलं की टोमॅटोचा बाजार, तमाशाच्या राहुट्या आणि द्राक्षबागा आठवतात. पण भारतीय वाइनच्या इतिहासातही जुन्नर तालुक्यातल्या या गावाचं नाव आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने इथे ‘शातो इंडाज’ उभी केली. तिची ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाइन परदेशातही गेली.

तरीही बाटलीवर ‘रेड ब्लेंड’ दिसलं की अनेकांना शंका येते, यात भेसळ तर नाही ना?

ब्लेंड का करतात?

गोडा मसाला नुसत्या धण्यांचा होत नाही, तसंच हे. दक्षिण फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यात आणि लांगदॉकमध्ये ग्रेनाश, सिरा, मूरवेद्र, कारिन्यां अशा जातींची वाइन एकत्र करतात. ग्रेनाशमुळे फळांची चव येते, सिरामुळे गडद रंग आणि काळ्या मिरीसारखा वास. एखाद्या वर्षी एक जात कमी पिकली तर दुसरीचं प्रमाण वाढवता येतं. त्यामुळे चव फारशी बदलत नाही आणि किंमतही आटोक्यात राहते.

यातली सिरा म्हणजेच आपल्याकडची शिराझ. नाव इराणी शहराचं असलं, तरी डीएनए चाचणीत ही जात फ्रान्सचीच निघाली.

चव कशी ओळखायची?

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली. जुन्नर-आंबेगावच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी; १६ ते १८ अंश पुरे. आधी रंग बघा, मग ग्लास फिरवून वास घ्या, मग छोटा घोट. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं, तसं वाटलं तर ते टॅनिन. फळ, आंबटपणा आणि टॅनिन यातलं काहीच वरचढ नसेल, तर ब्लेंड जमलं.

मग ती इथे स्वस्त का नाही?

कारण कर. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क होतं. त्यामुळे फ्रान्समधली रोजच्या जेवणातली बाटली इथे येईपर्यंत चैनीची वस्तू होते.

शेतकऱ्याचं काय?

वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. ती मंचरच्या बाजारात कुणी खायला घेणार नाही. गिऱ्हाईक एकच, वाइनरी. २००९ च्या सुमारास इंडाज अडचणीत आली, वाइन उद्योगातही मंदी होती. त्यानंतर राज्यात अनेकांनी वाइनच्या बागा काढून पुन्हा खायची द्राक्षं लावली.

म्हणजे स्वस्त वाइन वाईटच असते असं नाही. पण ती स्वस्त आणि चांगली राहायची, तर द्राक्षाला दरवर्षी खात्रीचं गिऱ्हाईक लागतं. नारायणगावात सुरुवात झाली होती, पण शेतकऱ्याला ती खात्री मिळाली नाही.