ताबा सुटला, पण का सुटला?

यंत्रावर अपघात झाला की चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द ठरलेले. तीस वर्षे कामगारांत वावरताना आम्ही ते इतक्यांदा वाचले की, लहान विमानांच्या अपघातांविषयी वाचत असता 'वैमानिकाचा ताबा सुटला' हे वाक्य दिसताच आम्ही थबकलो. ताबा सुटला खरा. पण का सुटला?

बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले 'पुष्पक' विमान १९५८ साली प्रथम उडाले व आपल्याकडील फ्लाइंग क्लबांत शिकवण्यासाठी वापरले गेले. त्याला दोन मोठी चाके पुढे व एक चिमुकले चाक शेपटीखाली असे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. उतरल्यावर ते सरळ धावते तोवर ठीक. पण बाजूचा वारा शेपटीवर आदळून नाक जरा वळले की, चाके त्या अंगाला जाऊ पाहतात आणि मागचे वजन पहिल्याच दिशेने रेटत राहते. त्या रेट्याने वळण वाढतच जाते व विमान स्वतःभोवती गरकन फिरते. पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा दांडा मोडतो. वैमानिक याला 'ग्राउंड लूप' म्हणतात.

त्यातच वेग उतरला की सुकाणूला हवेचा जोर मिळत नाही. नेमक्या गरजेच्या वेळी ते दुबळे पडते. म्हणून विमान थांबेपर्यंत वैमानिकाला दोन्ही पायांनी सुकाणू हलकेहलके सावरीत राहावे लागते. तळहातावर काठी उभी तोलून पाहा, म्हणजे हे काम कळेल. काठी बरीच कलल्यावर जागे होऊन चालत नाही.

आता तीच काठी वरच्या टोकाशी चिमटीत धरून लोंबती सोडा. ती आपोआप सरळ होते. अमेरिकेतील सेसना कंपनीने असाच फरक केला. १९४८ सालच्या तिच्या १७० या विमानाला शेपटीखाली चाक होते. १९५६ साली आलेल्या १७२ मध्ये ते नाकाखाली आले आणि मोठी चाके गुरुत्वमध्याच्या मागे गेली. आता नाक वळले तर वजनाचा रेटाच त्याला सरळ करू पाहतो. १७२ जातीची ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. दुसरे कोणतेही विमान इतके बनलेले नाही.

वैमानिकाने दक्ष राहू नये, असे आम्ही म्हणत नाही. नाकाखाली चाक असलेले विमानही बेफिकिरीने उतरवले तर भरकटते. पण दक्ष राहणारा माणूस थकतो, हेही कागदावर यावे. चौकशी करणाऱ्याने माणसाची चूक लिहिण्यापूर्वी चाके कोठे बसवली आहेत, ते वाकून पाहावे.