कडाक्याच्या थंडीत परगावाहून येणारी पिल्ले

कोंबडीचे पिल्लू कवच फोडून बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी अंड्यात उरलेला बलक बेंबीवाटे आपल्या पोटात ओढून घेते, आणि निसर्गाने बांधून दिलेल्या या शिदोरीच्या बळावर ते जन्मानंतर सुमारे ७२ तास दाणापाण्यावाचून तग धरू शकते. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते खरी, परंतु तिच्याखालची सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. पहिल्या पिल्लापासून शेवटच्या पिल्लापर्यंत दिवस-दीड दिवस सहज जातो, आणि तोवर आईने जागा सोडून चाऱ्याला जाऊ नये म्हणून आधी जन्मलेल्यांच्या पोटाची ही तजवीज झालेली असते. या एका शरीरधर्मावर एक दिवसाच्या पिल्लांच्या दूरदूरच्या रवानगीचा सारा व्यापार उभा राहिला. आणि हिवाळ्यात या व्यापारात जी हानी होते तिचे मूळ, माझ्या मते, या बहात्तर तासांचा अर्थ चुकीचा लावण्यात आहे. ही मुदत भूक आणि तहान यांपुरती आहे. थंडीपुढे तिचा काडीमात्र उपयोग होत नाही.

केज तालुक्यातील नांदूरघाट हे बालाघाटच्या पठारी मुलखातले बाजाराचे गाव. तेथील किंवा भोवतालच्या वाडीवस्तीवरील एखाद्या बचत गटाने गिरिराज वा वनराज जातीची शंभर पिल्ले मागवायची म्हटली, तर ती आज भ्रमणध्वनीवरून मागवता येतात, पैसेही तसेच पाठवता येतात; परंतु पिल्लाला मात्र स्वतःच्या देहानिशी शेकडो किलोमीटर रस्त्याने यावे लागते, आणि ते ज्या रात्री येते ती रात्र पौषातील असेल तर काय होते, हे समजून घेतल्यावाचून मागणी नोंदवणे धाडसाचे आहे.

जिवंत पिल्ले टपालाने मागवण्याची प्रथा खऱ्या अर्थाने रुजली ती अमेरिकेत. १८९२ साली न्यू जर्सीतील एका उबवणीदाराने रेल्वेने शिकागोपर्यंत पिल्ले पाठवून हा प्रवास शक्य असल्याचे दाखवले, १९१३ साली तेथे पार्सल-टपाल सुरू झाले, आणि १९१८ पासून टपालखात्याने एक दिवसाची पिल्ले रीतसर स्वीकारण्यास आरंभ केला. उबवल्यापासून ७२ तासांच्या आत पिल्ले मालकाच्या हाती पडावीत हा तेथील दंडक आहे. एका पेटीत पंचवीस पिल्ले असावीत असा जुना प्रघात पडला, त्याचे कारण व्यापारी सोयीपेक्षा उष्णतेचे आहे: इतकी पिल्ले एकत्र असली म्हणजे ती परस्परांच्या अंगच्या उबेने पेटी ऊबदार ठेवतात, आणि पाच-सात असली तर ती ऊब पुरत नाही. बर्फाच्या दिवसांत तेथील कित्येक उबवणी केंद्रे रवानगी बंद ठेवतात किंवा पेटीत उष्णता देणारी पुडकी घालतात. इतका शतकाचा अनुभव गाठीशी असूनही २०२५ च्या वसंतात डेलावेअर राज्यातील एका टपालकेंद्रात सुमारे १२,००० पिल्ले भरलेली गाडी तीन दिवस तशीच उभी राहिली आणि त्यांतील सुमारे ४,००० पिल्ले प्राणास मुकली. पिल्लांच्या प्रवासात कोणा एका इसमावर जबाबदारी निश्चित नसली म्हणजे नियमांचे पुस्तक कितीही जाड असले तरी ते कामाला येत नाही, एवढे या घटनेवरून दिसते.

आपल्याकडे पिल्ले हा टपालखात्याचा माल कधी झालाच नाही. १८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमाच्या १९ व्या कलमाने अपायकारक, किंवा टपालातील अन्य वस्तूंस वा कर्मचाऱ्यांस इजा करण्याचा संभव असलेला सजीव प्राणी पाठवण्यास मनाई केली होती; आता त्या अधिनियमाची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांतही मधमाश्या, जळवा, रेशमाचे किडे अशा मोजक्याच जीवांना प्रवेश आहे. म्हणून आपली पिल्ले रेल्वेच्या पार्सल डब्यातून, उबवणी केंद्रांच्या स्वतःच्या गाड्यांतून आणि खाजगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून हिंडली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेला व्यंकटेश्वरा हॅचरीजचा उद्योग पुढे पुण्यात स्थिरावला आणि महाराष्ट्रातील पिल्लांचा व्यापार मोठा झाला; सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे खडकी, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूर येथे आहेत. बीड शहराला तर रेल्वेचे दर्शनच २०२५ च्या सप्टेंबरात घडले. तेव्हा नांदूरघाटच्या वाट्याला आजवर जे पिल्लू आले ते रस्त्यानेच आले.

या प्रवासासाठी कायदा नाही असे नव्हे. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, आणि २००१ साली त्यांत कोंबड्यांच्या वाहतुकीचे स्वतंत्र प्रकरण दाखल झाले. पिल्ले उबताच पेटीत भरावीत आणि विनाविलंब रवाना करावीत, ऊन-पावसात उघडी टाकू नयेत, पेट्या आडव्या-तिरप्या धरू नयेत, त्यांच्यावर व भोवती अन्य माल रचू नये, आणि ती शक्य तितक्या लवकर मुक्कामी पोहोचतील याची पाठवणाऱ्याने जातीने काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. तो वाचला असता लक्षात येते की नियम करणाऱ्यांनी प्रवासाचा विचार बारकाईने केला आहे. पण गाडीतून पेटी उतरली आणि मालकाच्या दुचाकीवर चढली, की त्यापुढे विचार करण्याचे काम मालकाचेच उरते.

आता त्या पेटीकडे जवळून पाहू. पुठ्ठ्याची, अंगाला भोके पाडलेली, आत चार कप्पे असलेली ही पेटी शंभर पिल्लांची असते. प्रत्येक कप्प्यात पंचवीस, आणि शेकड्यामागे दोन पिल्ले जास्त घालण्याचा व्यापारातील रिवाज. कप्पे नसते तर थंडी वाजताच सगळी पिल्ले एका कोपऱ्याकडे लोटली असती आणि खालची गुदमरली असती. नवजात पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, असते ती केवळ लव. ती कोरडी असेतोवर थोडीबहुत ऊब धरते आणि ओली झाली की काहीच धरत नाही. प्रौढ कोंबडी आपल्या देहाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास स्वतः राखते. पिल्लाला ते सामर्थ्य यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत ऊब त्याला बाहेरून मिळावी लागते, आईच्या पंखाखालून किंवा माणसाच्या हातून.

पुण्याकडून वा संभाजीनगरकडून रात्री निघालेली गाडी पहाटेच्या सुमारास मांजरसुंब्याला किंवा केजला पेटी उतरवते. गाडीच्या आत रचलेल्या पेट्यांपैकी मधल्यांना उकाडा होण्याचे आणि कडेच्यांना वारा लागण्याचे भय असतेच. पण खरा आघात त्यापुढच्या टप्प्यात होतो. घ्यायला आलेला मुलगा पेटी दुचाकीच्या मागे दोरीने बांधतो, हवा खेळावी म्हणून भोके मोकळी ठेवतो, आणि नऊ-दहा अंशांच्या गारठ्यात गाडी वेगाने हाकत गावाची वाट धरतो. रात्रभराच्या प्रवासात पेटीत साठलेली ऊब त्या वाऱ्याने पाहता पाहता निघून जाते. घरी आल्यावर पेटी उघडावी तो कडेच्या कप्प्यांतली पिल्ले मान टाकून बसलेली, पाय हाताला गार लागणारे, आणि ओरड अशी तीव्र की ती ऐकून माहीतगार बाई तत्काळ ओळखते: सुखात असलेल्या पिल्लांची चिवचिव बारीक आणि सुटीसुटी असते. त्यांतील बरीचशी त्या दिवशी मरत नाहीतही. ती तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी मरतात. कारण गारठलेल्या देहात बलक नीट जिरत नाही, तो पोटात नासतो, बेंबीचा संसर्ग होतो, आणि मालक मात्र पिल्ले रोगट होती अशी तक्रार घेऊन उबवणी केंद्राकडे जातो.

उपाय अवघड नाही. परंतु तो पिल्ले येण्यापूर्वी करावा लागतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश तापमान हवे, पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवत न्यावे. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे, ज्याला चिक गार्ड म्हणतात, त्यात तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा दोन-तीन इंच पसरून वर वर्तमानपत्र अंथरावे, आणि दर पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने दिवे टांगावेत. येथे एका गोष्टीची जाणीव करून देणे मला अगत्याचे वाटते. हा हिशेब जुन्या पिवळ्या, तारेच्या दिव्यांचा आहे. ते दिवे आता गावच्या दुकानातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत, आणि त्यांच्या जागी आलेला एलईडी दिवा प्रकाश मुबलक देत असला तरी ऊब देत नाही. शेडमध्ये लख्ख उजेड आहे म्हणून निर्धास्त झोपी गेलेल्या माणसाला सकाळी पिल्लांचा ढीग दिसतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. तारेचे दिवे शहरातून मागवून ठेवावेत, किंवा कुक्कुटपालनाच्या दुकानी मिळणारी ऊब देण्याची खास उपकरणे घ्यावीत.

वीज गेली तर कोळशाची शेगडी हवीच. मात्र ती पेटवल्यावर गोणपाटाचे पडदे छतापर्यंत गच्च आवळू नयेत. खालून वारा अडवावा आणि वरच्या बाजूस वीतभर फट ठेवावी, नाही तर कोळशाचा विषारी वायू आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया, दोन्ही आत कोंडतात. त्या शेडमध्ये माणूस झोपत असेल तर त्याच्याही जिवावर बेतते. पिल्ले दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर त्यांना थंडी आहे, दिव्यापासून दूर पांगून चोची उघडून धापा टाकत असतील तर उकाडा आहे, आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर सर्व यथास्थित आहे. पिल्ले सोडताना एकेकाची चोच कोमट गूळपाण्यात बुडवावी. मक्याचा भरडा त्यानंतर कागदावर पसरावा.

हे सारे नांदूरघाटच्या परिसरात कोणी करायचे, हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळी झाली की हजारो जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे रवाना होतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे जे चार महिने पिल्लांच्या दृष्टीने सर्वांत कठीण, नेमक्या त्याच महिन्यांत घरातली धडधाकट माणसे परमुलखात उसाच्या फडात असतात, आणि मागे आजी-आजोबा व शाळेत जाणारी मुले राहतात. रात्री दोनदा उठून शेगडीत कोळसा घालण्याचे काम सत्तरीच्या आजीवर पडते. योजना आखणाऱ्यांच्या कागदावर लाभार्थी कुटुंब असते. पौषातल्या पहाटे तीन वाजता त्या कुटुंबापैकी घरात कोण आहे, याची नोंद त्या दफ्तरात कोठे होत नाही, आणि ती व्हायला हवी.

थंडीच्या जोडीला आणखी एक संकट याच ऋतूत येते. स्थलांतरित पक्षी येण्याचे हे दिवस बर्ड फ्लूचेही दिवस असतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे त्याचा प्रादुर्भाव झाला. त्याच हिवाळ्यात महेंद्रसिंग धोनी यांच्या रांचीच्या शेतासाठी मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यातून मागवलेली २,००० कडकनाथ पिल्ले बर्ड फ्लूमुळे अडली, आणि पिल्ले प्रत्यक्ष रवाना झाली ती एप्रिल २०२२ मध्ये. इतक्या नामांकित ग्राहकाला जे थांबणे भाग पडले, ते आपल्याला कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही.

म्हणून पशुसंवर्धन खात्याला आणि बचत गटांना पिल्ले मिळवून देणाऱ्या सर्व संस्थांना माझी विनंती आहे, की मराठवाड्यात मार्गशीर्ष ते माघ या काळात एक दिवसाचे पिल्लू गरिबाच्या घरी धाडू नये. मदर युनिटमध्ये, म्हणजे लहान पिल्ले सांभाळून वाढवणाऱ्या केंद्रात, चार आठवडे वाढवलेले, पिसे फुटलेले, लसी टोचलेले पिल्लू द्यावे. त्याची किंमत जास्त पडते हे खरे, पण मेलेल्या पिल्लांची किंमत हिशेबात धरली तर तेच स्वस्त ठरते. आणि ज्या वाचकाला हिवाळ्यातच एक दिवसाची पिल्ले मागवायची असतील, त्याने पैसे पाठवण्यापूर्वी एक रात्र रिकाम्या शेडमध्ये शेगडी व दिवे लावून, जमिनीपासून दोन इंचांवर तापमापक टांगून, पहाटे चार वाजता स्वतः आकडा पाहावा. तो ३३ च्या खाली उतरला असेल, तर मागणी संक्रांतीनंतर महिन्याभराने नोंदवावी.