कोडचं कुलूप लाकडी दाराला बसवताय? आधी दार मोजा, मग कुलूप घ्या

पुणे : गावाकडची पोरं शिकायला, कामाला पुण्यात जातात आणि तिघं-चौघं मिळून एक खोली घेतात. खोलीला किल्ल्या दोन आणि माणसं चार. मग एक किल्ली मीटरच्या पेटीवर, नाहीतर चपलांच्या मागं ठेवायची. हे आपल्या पोरांना माहीत असतं, तसं चोरालाही माहीत असतं.

आमच्या भावकीतली चार पोरं शहरातल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहतात. गेल्या उन्हाळ्यात आमची काकू भाकरीचा डबा आणि कैऱ्यांची पिशवी घेऊन एसटीने स्वारगेटला उतरली आणि खोलीवर गेली. दाराला कुलूप. एक किल्ली कामावर गेलेल्या पोराच्या खिशात, दुसरी कधीच हरवलेली. काकू संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिली. त्यानंतर घरमालकांची परवानगी काढली आणि दाराला कोडचं, म्हणजे बिनकिल्लीचं कुलूप बसवायचं ठरलं. सोबतीला गावचे सुतार होते. त्या दिवशी काय बरोबर झालं आणि काय चुकलं, ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

मॉर्टिस कुलूप म्हणजे काय?

कडी-कोयंड्याला लटकतं ते आपलं नेहमीचं कुलूप. मॉर्टिस कुलूप दाराच्या पोटात बसतं. दाराच्या कडेला खोल खाच पाडून त्यात कुलपाची पेटी सरकवतात. बाहेर फक्त हँडल आणि आकड्यांची बटणं दिसतात. फोडायला बाहेर लोंबतं काही नसतं, हा त्याचा मोठा फायदा.

कोडच्या कुलपात दोन जाती आहेत. पहिली यांत्रिक. तिला वीज नको, सेल नको. बटणं दाबायची आणि हँडल फिरवायचं. दुसरी इलेक्ट्रॉनिक. ती सेलवर चालते, बहुतेक चार एए सेलवर. "लाईट गेली तर काय?" असं सगळे विचारतात. लाईटचा काही संबंध नाही, पण सेल संपतात. संपत आले की कुलूप आधी आवाज करून किंवा दिवा लावून सांगतं. तरीही दुर्लक्ष झालंच तर बऱ्याच कुलपांना बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा चार्जरची वायर लावायची सोय असते. ती सोय आहे का, हे घेतानाच विचारा. सेल चांगले अल्कलाइन वापरा.

आम्ही यांत्रिक घेतलं. चार पोरांत सेल कोण बदलणार, हा प्रश्नच नको.

आधी दार बघा

कुलूप कितीही भारी असलं तरी त्याची ताकद दाराएवढीच. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. वाडा १७३२ साली बांधून झाला. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्या दाराच्या फळ्यांना अणकुचीदार खिळे आहेत. म्हणजे तेव्हाच्या लोकांनी भरवसा आधी फळ्यांवर ठेवला होता. आपलं दार वाळवीनं पोखरलं असेल किंवा चौकट भिंतीत हलत असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

मग मोजमाप घ्या. दाराची जाडी किती? बाजारातली फ्लश दारं साधारण ३० ते ३५ मिमीची असतात. सागवानी दार जास्त जाड असू शकतं. कुलपाला किती जाडी लागते, हे त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. पातळ दारात खाच पाडली तर दोन्ही बाजूंना पापुद्र्याएवढं लाकूड उरतं आणि एका लाथेत दार फाटतं.

दुसरं माप उभ्या पट्टीच्या रुंदीचं. दाराच्या कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंत बहुतेक कुलपांत ४५ ते ६० मिमी अंतर असतं. पट्टी त्यापेक्षा चांगली रुंद पाहिजे. आडवी पट्टी जिथे उभ्या पट्टीला जोडली आहे, नेमकं तिथे कुलूप बसवू नका. दाराचा सांधाच कापला जातो.

वाड्याच्या जुन्या दोन फळ्यांच्या दाराला हे कुलूप शक्यतो नको. एक फळी वर-खाली खिटीने पक्की केल्याशिवाय कुलपाला आधारच मिळत नाही. आमच्या खोलीचं दार एका फळीचं सागवानी होतं, म्हणून जमलं.

दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, आत की बाहेर, हेही लिहून घ्या. काही कुलपांची जीभ उलटी करता येते, काहींची नाही.

खाच कशी पाडायची?

पाकिटात कागदी नमुना मिळतो. जमिनीपासून साधारण तीन ते साडेतीन फुटांवर तो दाराला चिकटवा आणि भोकांच्या खुणा करा. दाराच्या कडेवर जाडीच्या बरोबर मध्ये उभी रेघ मारा. ही रेघ चुकली की पुढचं सगळं चुकतं.

त्या रेघेवर ड्रिलने एकाखाली एक भोकं पाडत जायची. किती खोल जायचं ते कळायला ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळा. मशीन जरा तिरकी झाली की पातं दाराच्या तोंडातून बाहेर येतं, म्हणून एका माणसाने बाजूने बघत राहावं. भोकं झाली की मधलं लाकूड धारदार पटाशीने साफ करा. पेटी हाताने सरकली पाहिजे. हातोडीने ठोकून बसवाल तर आतली कळ अडकेल. मग पेटीची पुढची पत्ती दाराच्या कडेशी सपाट बसेल एवढी उथळ खाच घ्या.

हँडलची आणि बटणांची भोकं पाडताना पेटी बाहेर काढून ठेवा. भोक अर्धं एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने पाडा. एकाच बाजूने आरपार गेलं की पलीकडचं लाकूड फाटतं. आत उघडं पडलेलं लाकूड तसंच ठेवू नका, त्याला पॉलिश किंवा रंगाचा हात द्या. पावसाळ्यात तिथूनच ओल शिरते.

आमची चूक

कुलूप बसलं, छान दिसलं. कौतुकाने आम्ही सगळे बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. कोड दाबला, हँडल फिरेना. सुताराची पेटी आत, माझा मोबाईल आत, कोडचा कागदही आत! शेवटी एक पोरगं गॅलरीच्या खिडकीतून आत उतरलं. बघतो तर मधली चौकोनी सळई वाकडी बसली होती.

तेव्हा पहिला नियम लक्षात ठेवा. दार उघडं ठेवूनच कोड वीस वेळा दाबून बघायचा. जीभ दरवेळी आत-बाहेर झाली, की मगच दार लावायचं.

चौकटीची पत्ती बसवताना सुतारांनी एक युक्ती केली. कुलपाच्या जिभेला ओलं कुंकू लावलं आणि दार हळूच टेकवलं. चौकटीवर जिथे लाल डाग पडला, तिथेच भोक. काही कुलपांत जिभेशेजारी एक छोटी खुंटी असते. ती भोकात पडता कामा नये, पत्तीवर दाबलेली राहिली पाहिजे. ती भोकात गेली तर जीभ पट्टी घालून मागे सारता येते.

दार आणि चौकटीमध्ये दोन-तीन मिमी फट ठेवा. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैमध्ये फुगतं आणि कुलूप बिघडलं असं वाटतं. खरं तर दार फुगलेलं असतं. कुलपात तेलही ओतू नका, धूळ चिकटून चिखल होतो. पेन्सिलच्या शिशाची पूड चालते.

कोड कुणाला सांगायचा?

यांत्रिक कुलपाची एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. त्यातल्या बऱ्याच कुलपांत आकड्यांचा क्रम चालतो कसाही. १३५७ दाबा नाहीतर ७५३१, दार उघडतंच. दहा बटणांतून चार निवडायची, तर वेगवेगळे कोड फक्त २१० होतात. इलेक्ट्रॉनिक कुलपात क्रम लागतो, म्हणून चार आकड्यांचे १०,००० आणि सहा आकड्यांचे १० लाख. वर चुकीचा कोड चार-पाच वेळा दाबला की बरीचशी इलेक्ट्रॉनिक कुलपं काही मिनिटं बंद पडतात. यांत्रिक घेतलं तर कोड अधूनमधून बदला. तेच तेच आकडे वापरल्याने बटणं झिजतात आणि कोड उघड दिसतो.

पाकिटात आलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. गाडीचा नंबर, जन्मसाल नको.

किल्ली किती जणांकडे आहे हे मोजता येतं, आकड्याचं तसं नाही. आमच्या पोरांनी कोड डबेवाल्याला सांगितला, मग मित्राला, मित्राने त्याच्या मित्राला. एक पोरगं खोली सोडून गेलं तरी कोड तोच. शेवटी काकूनेच फोनवर झापलं, "अरे, मग मीटरवरची किल्ली काय वाईट होती?" आता खोलीतला माणूस बदलला की त्याच दिवशी कोड बदलतात.

सणाला सगळे गावी येतात तेव्हा जुन्या कडी-कोयंड्याला साधं कुलूपही लावतात. तो काढून टाकला नाही, हे बरं केलं.

आतून दार नुसत्या हँडलने उघडलं पाहिजे, कोडशिवाय. रात्री सिलेंडर पेटला किंवा म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, तर आकडे आठवत बसायला वेळ नसतो. अशी सोय नसलेलं कुलूप राहत्या घराला घेऊ नका.

खरेदीला जाताना

पुण्यात असं सामान बघायला रविवार पेठेतली बोहरी आळी आहे. जाताना कागदावर एवढं लिहून न्या : दाराची जाडी, उभ्या पट्टीची रुंदी, दार कुठल्या बाजूला उघडतं, आणि दाराचा मोबाईलवर काढलेला फोटो. दुकानात विचारा : आतून बिनकोडचं उघडतं का, कोड बदलायचा कसा, आणि अडचणीत बाहेरून उघडायची सोय काय. इलेक्ट्रॉनिकसोबत जादा किल्ली मिळाली तर ती खोलीत ठेवू नका, गावी घरी ठेवा.

काकूला इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत. पोरांनी तिला जागा शिकवल्या : डावीकडचं सगळ्यात वरचं, त्याखालचं, मग उजवीकडची खालची दोन. दिवाळीत ती डबा घेऊन गेली तेव्हा पोरं कामावरच होती. तिने दार उघडलं, डबा ओट्यावर ठेवला आणि चहा करून घेतला.